अकरा बोटं

किती दिवस राहावं लागलं आणि किती पैसे लागले, या दोन प्रश्नांची उत्तरं मी झोपेतून उठवलं तरी देईन. एक्कावन्न दिवस. सत्तावीस हजार सहाशे रुपये, गाडीभाडं आणि लॉज धरून. नागपुरात कुणाच्या किडन्या बसल्या की कुणीतरी त्याला सांगतंच, की इंदोऱ्यात शालिकराम नावाचा माणूस आहे, हिंगण्याच्या कारखान्यात टाइम-कीपर, मद्रासला जाऊन किडनी बदलून आला आणि अजून जिवंत आहे, त्याच्याकडे जा. मग ते येतात. रविवारी येतात, कारण बाकीचे दिवस मी कंपनीच्या बसमध्ये आणि हजेरीच्या खिडकीत असतो. सुजलेलं तोंड, सुजलेले पाय, सोबत एखादा भाऊ नाहीतर साळा, आणि त्या भावाची नजर सारखी माझ्या शर्टाच्या खाली, उजव्या बाजूला. मी त्यांना चहा पाजतो. जी.टी. एक्स्प्रेसचं रिझर्वेशन किती दिवस आधी करायचं, लॉजवाल्याला आगाऊ भाडं द्यायचं नाही, तिकडच्या पाण्याची सवय होईस्तोवर उकळून प्यायचं, साधारण पंचवीस दिवस सांगतात पण शरीराने नवी किडनी झिडकारली तर दुप्पट धरून चाला. कार्बन लावून कागदच लिहून ठेवले आहेत मी. बायको, गोपिका, म्हणते, "आता दारावर पाटीच लावा." तिला वाटतं मी लोकांवर उपकार करतो. उपकार कसले डोंबलाचे! मी बोलत असतो तोवर प्रश्न दोनच असतात, म्हणून मला बोलायला बरं वाटतं. ज्यानं दिली त्याचं काय, हे दोन वर्षांत एकाही शहाण्यानं विचारलं नाही. कागदावर अगदी खाली एक ओळ आहे, "देणाऱ्याचा मुक्काम, अकरा दिवस", आणि वाचून दाखवताना ती ओळ मी भराभर उरकतो.

त्या रविवारीही असाच अंगणात उन्हाला बसलो होतो. जानेवारी होता, गोपिका आत तांदूळ निवडत होती. विहारातली वंदना आटोपून आलो होतो, आणि दर रविवारसारखंच चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी, नुसते ओठ हलवून आलो होतो. फाटक वाजलं. मी न बघताच म्हणालो, "या, बसा," आणि खुर्चीखालची कागदांची पिशवी ओढली. वर पाहतो तर सुभद्रा. माझी थोरली बहीण. आम्ही तिला बाई म्हणतो, आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. कुहीजवळच्या खेड्यात राहते, नवरा वारला त्याला नऊ वर्षं झाली, दीड एकर धानाची जमीन आणि एक पोरगी, जया, एवढाच संसार. हातात कापडी पिशवी, पायात धूळ. डाव्या बाजूला जरा झुकून चालते ती आता. तिची किडनी डावीकडून काढली. माझ्या उजव्या मांडीच्या वर, ओटीपोटात, हाताला लागेल अशी ती बसवली आहे.

"काय गा शालिक, बरा हायेस न?"

"बरा हावो, बाई. अशी अचानक कशी काय?"

ती बसली. गोपिकानं पाणी आणून दिलं ते सगळं प्याली. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "जयाले मेडिकलमंदी भरती केलं परवा. तुले निरोप धाडीन म्हनत होती, पन तिच्यापासून उठताच नाही आलं."

"काय झालं तिले?"

"तुले झालं होतं थेच."

एकोणीस वर्षांची आहे जया. गोपिका मटकन खालीच बसली. मी काहीतरी विचारत राहिलो, लघवी होते का, डॉक्टर काय म्हणाले, आणि बाई उत्तरं देत राहिली, दोन्ही गेल्या म्हणाले, बाहेर न्या म्हणाले, आणि हे सगळं बोलताना तिच्या आवाजात भीती नव्हती. हेच मला आधी कळलं नाही. पोरगी मरायला टेकली आहे आणि ही बाजारहाट करायला निघाल्यासारखी बोलते आहे. मग तिनं पिशवीतून पेन काढलं, शाळेच्या मास्तराकडून मागून आणलेलं असावं, आणि माझ्यापुढं धरलं.

"किती दिवस राहा लागते गा, अन् किती पैसे लागते? तू लोकाईले कागद देते म्हने. मलेई दे एक. आमच्या गावचा धोंडबा जमीन घेतो म्हनते, मंगळवारी इसार आनून देनार हाये."

"तू जमीन इकून राहिली?"

"मंग काय करू? पैसे कोन देईन? बाकी तं काही आनाचं नाही. किडनी घरचीच हाये." ती हसली सुद्धा जरा. "अकरा महिने म्हने होता थो डॉक्टर. आता तं दोन वर्सं होऊन गेले. कवाचीच भरली असन."

माझा उजवा हात शर्टाखाली गेला. मी नेला नाही, तो गेला. पोरं खिशातली गोळी मुठीत दाबून धरतात ना, दुसऱ्यानं मागू नये म्हणून, तसा तो हात तिथं जाऊन बसला. आणि मला माझी लाज वाटली, इतकी की कान गरम झाले. ती मागत नव्हती. ती माझ्याकडं काहीच मागत नव्हती, नुसता एक कागद.

हे सगळं कुठून आलं ते मला नीट ठाऊक आहे. आमच्या गावात मी एकटा वाचणारा होतो. चौथीत असल्यापासून वस्तीतली सगळी पत्रं माझ्याकडं यायची, मी दगडावर बसायचो आणि बाया भोवती बसायच्या. म्हाताऱ्यांनी एक शिकवून ठेवलं होतं, "वाईट असन तं हळू वाच." हळू वाच म्हणजे सगळं वाचू नको. रामाजीचा पोरगा खाणीत दबून मेला त्याचं पत्र मी दहा वर्षांचा असताना वाचलं. पहिली ओळ मनात वाचली आणि मोठ्यानं म्हणालो, बिमार आहे, बोलावलं आहे. रामाजी गेला, तिथं त्याला कळलं, परत येऊन त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. रस्ताभर तरी मी बाप होतो, म्हणाला. शाबासकी मिळाली मला त्याची! कागद एक म्हणतो आणि मी दुसरं म्हणतो आणि माणसं माझ्या तोंडाकडं बघतात, याची मला पुढं इतकी सवय झाली की कुणी खरं खरं वाचून दाखवलं तर मला तो माणूस अडाणी वाटायचा. बाईला सही मीच शिकवली, चुलीतल्या कोळशानं, भिंतीवर. ती तेव्हा लग्नाची झाली होती. स-ला काना देऊन ठेवायची. छप्पन साली दीक्षेला आम्ही सगळे नागपूरला पायी आलो, ती मला गर्दीत मनगटाला धरून चालत होती आणि सारखी विचारत होती, काय म्हनते गा थे, काय म्हनते. मी सांगत होतो. त्या दिवशी मी एक शब्दही बदलला नाही. चौदा वर्षांचा होतो, बदलावंसं वाटलंही नाही.

आणि मग सत्तावीस वर्षांनी मद्रासची ती खोली. हिरवी भिंत, टेबलावर काचेखाली कुणाच्या तरी नातवंडांचे फोटो, पंखा, आणि ते म्हातारे डॉक्टर. मी एक्केचाळिसाचा, तोंड सुजून डोळे बारीक झालेले, श्वासाला घाण वास येत होता माझ्या मलाच. बाई खुर्चीच्या टोकावर बसली होती, नवं लुगडं नेसून, साहेबाकडं जायचं म्हणून. डॉक्टर इंग्रजीत म्हणाले, खरं तर हे मी तुमच्याकडून सांगवून घ्यायला नको, तुम्ही रोगी आहात. पण वॉर्डात हिंदी येणारी एकच बाई आहे आणि ती रजेवर आहे. मी तुमच्यावर विश्वास ठेवतो. मग त्यांनी चष्मा काढला आणि सावकाश, मला लिहून घेता येईल अशा बेतानं तीन वाक्यं बोलले. तिला सांगा, काढलेली किडनी पुन्हा येत नाही. तिला सांगा, उरलेली एक उद्या बिघडली तर तिच्याजवळ दुसरी नसेल. आणि तिला सांगा, ती नाही म्हणू शकते, आत्ता म्हणू शकते, टेबलावर घ्यायच्या सकाळीही म्हणू शकते, तिला कुणी बोल लावणार नाही.

मी बाईकडं वळलो. "बाई, डॉक्टर म्हनते, घाबरू नको. थोडंसं दुखन. तुही तयारी हाये न?"

"तयारी नसती तं एवढ्या दूर आली असती का?" ती म्हणाली. आणि मी सुटलो म्हणेस्तोवर पुढं वाकून म्हणाली, "त्याले एक इचार. थे पुन्हा भरून येते का? अंबाडी खुडली का फुटते, तशी?"

डॉक्टर माझ्याकडं बघत होते. बाई माझ्याकडं बघत होती. पंखा कुरकुरत होता. मरायचं नव्हतं हो मला. दुसरं काही नव्हतं मनात, कपट नव्हतं, बहीण नव्हती, शील नव्हतं, एका घाणेरड्या श्वासाच्या माणसाला मरायचं नव्हतं. मी डॉक्टरांना इंग्रजीत विचारलं, तिला किती दिवस राहावं लागेल असं ती विचारते आहे. डॉक्टर हसले. तिला थेट समजावं म्हणून त्यांनी दोन्ही हात वर केले, दहा बोटं पसरली, मग हात मिटून एक बोट दाखवलं. अकरा.

"येते म्हनते," मी म्हणालो. "अकरा महिन्यानं."

तिनं डॉक्टरांच्या बोटांकडं पाहिलं, माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि तिचे खांदे खाली आले. "मंग ठीक हाये," म्हणाली. "मले जया हाये न घरी." आणि तिनं सही केली. स-ला काना देऊन.

मले जया हाये न घरी. दोन वर्षं मी ते वाक्य इकडून तिकडून फिरवून पाहतो आहे. म्हणजे काय, ते मला त्याच वेळी समजलं होतं. समजलं नसतं तर बरं झालं असतं.

ती अकराव्या दिवशी बाहेर पडली. मी काचेच्या खोलीत होतो, जंतू येऊ नयेत म्हणून कुणाला आत सोडत नव्हते. ती आदल्या दिवशीच गोपिकाच्या खांद्याला धरून, वाकून, एक हात कुशीला लावून मला बघायला आली. काचेपलीकडून काही ऐकू येत नव्हतं. तिनं मला पाहिलं, माझा उतरलेला चेहरा पाहिला, मग गोपिकाचा खांदा सोडून भिंतीला टेकली आणि दोन्ही हात वर करून दहा बोटं दाखवली, मग एक. हसत होती. फक्त अकरा महिने रे शालिक, असं. मी अंथरुणात तोंड खुपसलं. नर्स धावत आली, तिला वाटलं दुखतंय. चौदाव्या दिवशी माझ्या शरीरानं किडनी झिडकारायला सुरुवात केली, ताप, लघवी बंद, आणि सुई खुपसून घेताना मी मनाशी म्हणत होतो, बरोबर आहे, बरोबरच आहे. पण औषधं चांगली होती. एक्कावन्नाव्या दिवशी घरी सोडलं. कंपनीनं माझ्या बिलातला बराच भाग दिला, देणारीच्या अकरा दिवसांचे अठराशे चाळीस मात्र नाकारले, देणारी व्यक्ती कामगाराच्या कुटुंबात मोडत नाही म्हणून. ते पत्र मी दोनदा वाचलं. खरं सांगतो, हायसं वाटलं. निदान तेवढे तरी मी दिले.

घरी आल्यावर मला ती किडनी जाणवायला लागली. आतमध्ये. लोकांना सांगितलं तर हसतील, गोपिकालाही कधी बोललो नाही. कुणी पाहुणा येऊन राहावा, अवाक्षर न बोलता एका कोपऱ्यात बसून राहावा, तसं. बाई पहाटे उठते, झाडझूड करते, त्या वेळेला मला जाग येते आणि लघवीला जावंच लागतं. रोवणीच्या दिवसांत, ती चिखलात उभी असते तेव्हा, माझ्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते, मी तर बूट घालून खुर्चीवर बसलेला असतो. डॉक्टर म्हणाले गोळ्यांमुळं बुरशी येते. असेल. हजेरीच्या खिडकीतून कामगार बिल्ले घ्यायला हात आत घालतात, एखाद्या वेळी दोघांचे हात एकदम आत येतात, पाच आणि पाच, आणि मी तिसऱ्याच्या बोटाची वाट बघत राहतो. मागून लोक ओरडतात, "ओ साहेब, झोपले का?" बरोबर अकरा महिने झाले तेव्हा तिचं अंतर्देशीय आलं, मास्तराकडून लिहवून घेतलेलं. अकरा महिने झाले, मी चांगली आहे, कूस आता दुखत नाही, तू काळजी करू नको. मग दर रविवारी ठरवलं, या रविवारी कुहीला जायचं, सांगून टाकायचं. आणि दर रविवारी कुणीतरी सुजलेल्या तोंडाचा माणूस यायचा, किती दिवस लागतात म्हणून विचारायला. मी बसायचो सांगत.

"कागद देते न?" बाईनं विचारलं.

दिला. काय करू, दिला. तिनं घडी करून चोळीत ठेवला. मग भेटीच्या वेळेला, चार वाजता, आम्ही दोघं सायकल-रिक्शानं मेडिकलला निघालो. रस्ताभर माझ्या डोक्यात एकच हिशोब चालला होता. मंगळवारी इसार. जमीन गेली. आठ-दहा दिवसांत रिझर्वेशन. मद्रासला कुणीतरी तिच्या कुशीवरचा व्रण पाहील, टीचभर नाही, बरगडीपासून पार पोटापर्यंत आहे तो, आणि विचारील, ही बाई कशाला आणली? तेव्हा कळेल. मी तिथं नसेन. हळू वाच. रस्ताभर तरी आई राहील. इतकं सोपं होतं, आणि इतकं जुनं, की माझं मी मलाच भ्यालो. रिक्शावाला चढावर उतरून ओढायला लागला. बाई म्हणाली, "उतरू का गा थोडी? त्याले जड होऊन राहिलं." आणि उतरलीही, व्रण धरून, आणि चालायला लागली. मी बसून होतो. माझ्यानं चालवत नाही असं नाही. बसून होतो.

जया वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर होती. मी तिला ओळखलं नाही. ओळखलं ते स्वतःला, तेच पिठासारखं तोंड, तोच श्वास. "जयभीम, मामा," म्हणाली, आणि पहिलाच प्रश्न, "मामा, किती दिवस राहा लागते तिकडं?" पाठ होतं मला उत्तर. दोन वर्षं तोंडात घोळवलेलं. मी बाईकडं पाहिलं. बाई म्हणाली, "कागद देल्ला मामानं, सारं लिहून हाये त्यात," आणि पोरीचे केस मागं सारले, आणि म्हणाली, "माय काय कमजोर हाये का तुही? मामाले उभा केला, तुले करीन." जया हसली. त्या हसण्यानं माझं काहीतरी तुटलं. मी बाईला म्हणालो, जरा बाहेर ये.

वॉर्डाच्या बाहेर लिंबाखाली सिमेंटचा बाक आहे. तिथून खिडकीच्या जाळीतून जयाची खाट दिसते. आम्ही बसलो. बाजूला कुणी बाई डब्यातलं वरण ओतून घेत होती. मी म्हणालो, "बाई, थे पुन्हा येत नाही."

"काय येत नाही?"

"किडनी. एकदा काढली का येत नाही. तुह्याजवळ एकच हाये. तू जयाले नाही देऊ शकत."

तिनं माझ्याकडं पाहिलं, लहान पोर काहीबाही बोललं तर बघतात तसं. "डॉक्टरनं सांगतलं होतं न. बोटं दाखोले त्यानं, मी पायले."

"थे दिवस होते, बाई. तुह्या मुक्कामाचे. मीच त्याले दिवस इचारले. अन् तुले महिने सांगतले."

वरणाचा वास येत होता. मी तिच्या हातांकडं बघत बसलो, वर बघायची छाती नव्हती. धान कापून कापून तिची बोटं वाकडी झाली आहेत, करंगळीचं पेर तुटलेलं आहे. तो हात तिनं कुशीवर नेला, पदराखाली, आणि दाबून पाहिलं, एकदा, दोनदा, भरलंय का ते बघावं तसं. मग तिनं विचारलं, आवाज अगदी साधा होता, "मंग खरं काय म्हने होता थो डॉक्टर? सांग. सारं सांग."

मी सांगितलं. पहिल्यांदा, जसंच्या तसं. पहिलं वाक्य, मग दुसरं. मग तिसरं. "त्यानं म्हटलं, तू नाही म्हनू शकते. त्या दिवशीच्या सकाळीबी. कोनी तुले बोल नाही लावनार."

"असं म्हने होता?"

"हाव."

"चांगला मानूस होता," ती म्हणाली. मग तिनं खिडकीकडं पाहिलं. जया कुशीवर वळून आमच्याकडंच बघत होती. बाईनं तिला हात केला. आणि मान न वळवता मला म्हणाली, "मी नाही म्हटलं असतं, शालिक."

"मालूम हाये."

"जया होती म्हनूनच तं इचारलं होतं मी."

"मालूम होतं, बाई. तवाच मालूम होतं मले."

मला वाटलं ती मारील. मारावं असं मला वाटत होतं, त्या बाकावर, सगळ्यांदेखत, पायातली काढून. ती रडलीसुद्धा नाही. तिनं चोळीतून तो कागद काढला, उलगडला, तिला वाचता येत नाही तरी वरपासून खालपर्यंत बघितला, आणि पुन्हा घडी घातली. "धोंडबाले नाही म्हना लागन मंग," म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "तुह्यातली काढून तिले नाही देता येत का?"

तिनं ते वाईटपणानं विचारलं नाही. घरातलं भांडं शेजारी गेलं असेल तर ते आणता येतं का, इतकं सरळ. आणि माझा हात, हरामखोर हात, पुन्हा शर्टाखाली जाऊन बसला होता. तिनं तो पाहिला. मी म्हणालो, "नाही, बाई. नाही करत कोनी तसं. खराब होते." हे खरं होतं. माझ्या माहितीप्रमाणं खरं होतं. पण विचार करायच्या आधीच तोंडातून "नाही" निघालं होतं, हेही खरं.

मेडिकलच्या घड्याळात साडेपाच झाले. कुठंतरी घंटा वाजली. साडेपाचला माझी पिवळी गोळी असते, दोन वर्षांत एकदाही चुकलेली नाही. चुकली तर शरीर जागं होतं आणि परक्याला हाकलायला निघतं. मी उठलो नाही. आज नको, असं वाटलं मला, आज चुकू दे, उद्याही. बाईनं माझ्या शर्टाच्या वरच्या खिशाकडं पाहिलं, तिथं ती पुडी असते हे तिला ठाऊक आहे, मद्रासहून आल्यावर पहिला महिनाभर आमच्याकडं राहून तिनंच आठवण करून दिली होती मला. ती उठली, वॉर्डाच्या दाराजवळच्या माठातून जयाच्या पेल्यात पाणी घेऊन आली आणि माझ्यापुढं धरलं.

"खाय."

"बाई..."

"खाय म्हंतो न. माही हाये थे. खराब नको करू."

मी गोळी जिभेवर ठेवली. पेला तिच्याच हातात होता, तिनंच तो माझ्या ओठाला लावला. पाणी थंडगार होतं. गोळी खाली उतरेपर्यंत ती बघत राहिली, मग पेल्यात उरलेलं पाणी झाडाच्या बुडाशी ओतलं, पेला विसळला, पदरानं आपलं तोंड खसाखसा पुसलं. आत गेली.

मी बाकावर बसून राहिलो. जाळीतून मला दोघी दिसत होत्या, ऐकू काही येत नव्हतं. बाई खाटेच्या कडेवर बसली. जयानं तिचा हात धरला, माझ्याकडं मानेनं दाखवलं, आणि काहीतरी विचारलं. काय विचारलं असेल ते मला ओठांवरूनच कळलं, इतक्यांदा विचारलंय लोकांनी मला. बाईनं एकदा जाळीबाहेर, माझ्याकडं, पाहिलं. मग दोन्ही हात वर केले, ती वाकडी दहा बोटं पसरली, हात मिटले, आणि एक बोट दाखवलं.

जया हसली.